चंद्रा आणि थरथरणारे तारे

थंडीच्या रात्री तुळजापूरच्या घाटात थांबून वर बघितलंय कधी? सगळ्यात तेजस्वी दिसतो तो व्याध. त्याला एक जोडीदार आहे, नुसत्या डोळ्यांना न दिसणारा. वस्तुमान जवळपास सूर्याएवढं, आकार पृथ्वीएवढा. इंधन संपलेल्या अशा ताऱ्याला श्वेतबटू म्हणतात.

सुब्रह्मण्यन चंद्रशेखर, म्हणजे सगळ्यांचे चंद्रा, याच ताऱ्यांच्या नादी लागले. जन्म १९१० चा, लाहोरचा; कॉलेज मद्रासला. ३१ जुलै १९३० ला मुंबईहून ते केंब्रिजसाठी बोटीत बसले, तेव्हा वय १९. तुमच्यातल्या एसवायवाल्यांएवढं! बोटीवरच त्यांनी गणित मांडलं. श्वेतबटूला इलेक्ट्रॉनांचा दाब तोलून धरतो. पण वस्तुमान फार वाढलं तर तो दाब पुरत नाही. पुढे मर्यादा पक्की झाली: सूर्याच्या सुमारे १.४ पट. त्यापलीकडे तारा कोसळणारच.

११ जानेवारी १९३५ ला लंडनच्या रॉयल ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीत त्यांनी हे मांडलं. पाठोपाठ उठले आर्थर एडिंग्टन, त्या काळातलं बडं नाव. त्यांनी ही कल्पनाच हास्यास्पद ठरवली, सभागृहात हशा पिकला. चूक एडिंग्टन यांची होती, पण उघडपणे तसं म्हणायला कुणी मोठा माणूस पुढे आला नाही. चंद्रा १९३७ मध्ये शिकागो विद्यापीठात गेले, १९३९ मध्ये सगळं पुस्तकात लिहून मोकळे झाले आणि विषयच बदलला. एडिंग्टनशी मैत्री मात्र तोडली नाही. (आपल्याला जमलं असतं?)

१९८३ च्या नोबेलची गोष्ट सगळेच सांगतात. मला भारी वाटतं ते त्याआधीचं. पन्नाशी ओलांडलेले चंद्रा त्या जुन्या मर्यादेकडे परत आले, नवा प्रश्न घेऊन: तारा आकुंचन-प्रसरण पावत थरथरतो, तेव्हा काय होतं? १९६४ मध्ये रॉबर्ट टूपर यांच्यासोबत त्यांनी दाखवलं, की आइन्स्टाइनचे नियम लावले तर श्वेतबटू त्या मर्यादेला पोचण्याआधीच तोल गमावतो. १९७० मध्ये पुढची पायरी: स्वतःभोवती फिरणाऱ्या ताऱ्याची थरथर गुरुत्वलहरींमुळे वाढतही जाऊ शकते.

मधल्या काळात, १९६८ मध्ये, आर्लो लँडोल्ट यांनी वृषभेतला एक श्वेतबटू जाहीर केला. त्याचा प्रकाश साधारण साडेबारा मिनिटांनी कमी-जास्त होतो. घंटेच्या नादावरून धातू ओळखावा, तसं आता अशा कंपनांवरून ताऱ्याच्या पोटातलं कळतं. तारा फिरत असेल तर एका कंपनाच्या जागी अनेकदा जवळजवळची तीन दिसतात. त्यातल्या अंतरावरून फिरण्याचा वेग निघतो.

२१ ऑगस्ट १९९५ ला शिकागोत चंद्रा गेले. त्याआधी १९९२ मध्ये पुण्याच्या आयुकाचं लोकार्पण त्यांच्याच हस्ते झालं होतं. तिथल्या सभागृहाला आज त्यांचं नाव आहे.