'पॅप टेस्ट'मधले पॅप कोण? गिनीपिगपासून सुरू झालेली गोष्ट

स्त्रीरोगतज्ज्ञ लिहून देतात ती 'पॅप टेस्ट' म्हणजे एका आडनावाचं तुकडा केलेलं रूप. डॉ. जॉर्ज पापानिकोलाऊ. जन्म १८८३, ग्रीसमधलं किमी गाव.

अथेन्समध्ये डॉक्टर झाले, म्युनिकमध्ये पीएचडी केली आणि १९१३ मध्ये पत्नी मेरी यांच्यासह न्यूयॉर्कला पोहोचले. हातात पैसे नव्हते. पीएचडीवाल्या डॉक्टरांनी गालिचे विकले, मेरी यांनी दुकानात बटणं शिवली. वर्षभरात कॉर्नेलच्या मेडिकल कॉलेजात काम मिळालं.

तिथं प्रश्न वेगळाच होता. गिनीपिगच्या मादीत बीजांड कधी तयार होतं, हे तिला न मारता कसं ओळखायचं? पापानिकोलाऊ यांनी नाक तपासायचं छोटं उपकरण वापरून योनीतला स्राव काढला आणि काचेवर पसरला. चक्राबरोबर पेशींचं रूप बदलताना दिसलं. मग हीच पद्धत माणसांवर. त्यासाठी मेरी पुढे आल्या. नवऱ्याच्या लॅबमध्ये काम करता करता त्या वर्षानुवर्षं स्वतःचा नमुना देत राहिल्या. टेस्टला नाव मात्र एकट्याचंच लागलं.

इतर स्त्रियांच्या नमुन्यांत त्यांना गर्भाशयमुखाच्या कॅन्सरच्या पेशी सापडल्या. १९२८ मध्ये हे जाहीरपणे मांडलं, पण कुणी फारसं मनावर घेतलं नाही. तुकडा काढून तपासायची सवय असलेल्यांना थेंबभर स्राव पुरेसा वाटेना. डॉ. हर्बर्ट ट्राउट यांच्यासोबतचा शोधनिबंध १९४१ मध्ये आला, तेव्हा चित्र पालटलं. पापानिकोलाऊ काचेच्या नळीनं स्राव ओढून घ्यायचे. गर्भाशयमुखावरून पेशी खरवडणारी लाकडी पट्टी १९४७ मध्ये डॉ. आयर यांनी आणली.

१९ फेब्रुवारी १९६२ रोजी मायामीत हृदयविकारानं त्यांचं निधन झालं. हा कॅन्सर मुख्यतः लैंगिक संबंधांतून पसरणाऱ्या एचपीव्ही विषाणूमुळे होतो, हे त्यानंतर सिद्ध झालं. त्यासाठी हॅराल्ड झुर हाउसेन यांना २००८ चं नोबेल मिळालं.

एक गैरसमज इथेच दूर करायला हवा. पॅप टेस्ट पेशींतला बिघाड दाखवते. गनोरिया, क्लॅमिडियासाठी स्वॅब किंवा लघवीची वेगळी तपासणी लागते.

आता पॅपच्या आधी थेट एचपीव्हीचा डीएनए शोधण्यावर भर आहे. त्याचा नमुना स्त्री स्वतःही घेऊ शकते. या तपासणीचा मोठा पुरावा आपल्याकडचाच आहे: उस्मानाबाद, म्हणजे आजचा धाराशिव जिल्हा. तिथल्या सुमारे १ लाख ३१ हजार महिलांच्या अभ्यासात, तपासणी न झालेल्या गटाच्या तुलनेत एचपीव्ही तपासणीच्या गटात या कॅन्सरचे मृत्यू जवळपास निम्मे झाले. तपासणी एकदाच केली होती. निष्कर्ष २००९ मध्ये प्रसिद्ध झाले.