पंडिता रमाबाई यांचे शुश्रूषाकार्य

पंडिता रमाबाई (जन्म : २३ एप्रिल १८५८, मृत्यू : ५ एप्रिल १९२२) या संस्कृत विदुषी, समाजसुधारक आणि केडगाव येथील मुक्ती सदनाच्या संस्थापक होत्या. स्त्रीशिक्षणाच्या पुरस्कर्त्या म्हणून त्यांचे नाव सर्वपरिचित आहे. मात्र, दुष्काळ, वैधव्य आणि अत्याचार यांनी शरीराबरोबर मनानेही खचलेल्या स्त्रियांची त्यांनी जी शुश्रूषा केली, तिची चर्चा तुलनेने कमी होते. शुश्रूषा करणारी स्त्री आणि जिची शुश्रूषा होते ती स्त्री यांच्यातील विश्वासाचे नाते हा त्या कार्याचा पाया होता.

पूर्वायुष्य

रमाबाईंचे वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी पत्नी लक्ष्मीबाई यांना संस्कृत शिकवले आणि लक्ष्मीबाईंनी रमाबाईंना. हे कुटुंब पुराणे सांगत तीर्थयात्रा करीत असे. दक्षिणेतील दुष्काळात या कुटुंबाची अन्नान्नदशा झाली. रमाबाई सोळा वर्षांच्या असण्याच्या सुमारास आईवडील काही आठवड्यांच्या अंतराने निवर्तले आणि पुढे थोरली बहीणही गेली. आईच्या अंत्ययात्रेला पुरेसे खांदेकरी मिळाले नाहीत. रमाबाईंनी स्वतः तिरडीला हात दिला. उंची कमी पडल्यामुळे त्यांना तिरडीचा भार डोक्यावर घ्यावा लागला. भुकेने माणसाचे मन कसे मोडते, याचा त्यांचा अनुभव असा प्रत्यक्ष होता.

भाऊ श्रीनिवास यांच्यासह त्या १८७८ मध्ये कलकत्त्यास पोहोचल्या. तेथील विद्वानांनी त्यांना 'पंडिता' आणि 'सरस्वती' या पदव्या दिल्या. १८८० मध्ये भावाचे निधन झाले. त्याच वर्षी त्यांनी बिपिनबिहारी दास मेधावी यांच्याशी आंतरजातीय विवाह केला. १८८१ मध्ये कन्या मनोरमा जन्मली आणि १८८२ च्या फेब्रुवारीत पती पटकीने वारले.

वैद्यकाचा ध्यास आणि इंग्लंड

पुण्यास आल्यावर रमाबाईंनी १८८२ मध्ये आर्य महिला समाज स्थापन केला. त्याच वर्षी हंटर आयोगापुढे साक्ष देताना त्यांनी स्त्रियांसाठी स्त्रीशिक्षक आणि स्त्रीवैद्य यांची गरज प्रतिपादन केली. पुरुष डॉक्टरांपुढे मोकळेपणाने न बोलता येणाऱ्या असंख्य स्त्रिया उपचारांवाचून राहत, हा त्यांच्या मांडणीचा गाभा होता.

स्वतः वैद्यक शिकावे या हेतूने त्या १८८३ मध्ये इंग्लंडला गेल्या. परंतु श्रवणदोषामुळे तो मार्ग बंद झाला. तेथे वाँटेज येथील धर्मभगिनींनी लंडनच्या फुलम भागात चालवलेले एक आश्रयगृह त्यांनी पाहिले. समाजाने पतित ठरवलेल्या स्त्रियांशी तेथे स्नेहाने वागत, दोष देत नसत. या दर्शनाचा रमाबाईंच्या मनावर खोल परिणाम झाला. सप्टेंबर १८८३ मध्ये त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. १८८६ मध्ये आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभासाठी त्या अमेरिकेस गेल्या आणि तेथे त्यांनी बालशिक्षणपद्धतीचा अभ्यास केला.

शारदा सदन ते मुक्ती सदन

११ मार्च १८८९ रोजी मुंबईत विधवांसाठी शारदा सदन सुरू झाले. पुढील वर्षी ते पुण्यास आले. १८९६-९७ च्या दुष्काळात रमाबाई मध्य प्रांतात गेल्या आणि टप्प्याटप्प्याने सुमारे तीनशे मुली व स्त्रिया घेऊन आल्या. प्लेगच्या निर्बंधांमुळे त्यांना पुणे शहरात ठेवणे अशक्य झाले. तेव्हा केडगाव येथे आधीच घेतलेल्या शेतजमिनीवर त्यांची सोय करण्यात आली. हे गाव बारामती आणि इंदापूर या तालुक्यांना लागून असलेल्या आजच्या दौंड तालुक्यात, लोहमार्गावर आहे. तेथेच १८९८ मध्ये मुक्ती सदनाची वास्तू उभी राहिली. १९०० च्या गुजरातमधील दुष्काळानंतर रहिवाशांची संख्या दोन हजारांच्या घरात गेली.

शुश्रूषेची पद्धत

दुष्काळातून आलेल्या मुली खंगलेल्या, आजारी आणि भेदरलेल्या असत. पुढचे जेवण मिळेलच असा भरवसा नसल्याने काही जणी अन्न लपवून ठेवीत, तर काही जणी भांडत. अशा मुलींना नुसते अन्न व औषध पुरेसे नव्हते. शारदा सदनातील जुन्या विद्यार्थिनींनी त्यांची जबाबदारी घेतली. न्हाऊमाखू घालणे, जखमा धुणे, जेवू घालणे आणि अक्षरओळख करून देणे ही कामे त्याच करीत. काल जिची शुश्रूषा झाली, ती आज दुसरीची शुश्रूषा करू लागे. यातून अनेक जणी शिक्षिका आणि परिचारिका झाल्या.

अत्याचारग्रस्त स्त्रियांसाठी 'कृपा सदन' आणि वृद्ध व दुर्बल स्त्रियांसाठी 'प्रीती सदन' असे स्वतंत्र विभाग होते. अंध मुलींना मनोरमाबाई ब्रेल लिपी शिकवीत. शेती, विणकाम, मुद्रण अशा उद्योगांमुळे दिवसाला शिस्त आणि हातांना काम मिळे.

१८९७ मध्ये पुण्याच्या प्लेग रुग्णालयातील स्त्रीरुग्णांच्या स्थितीविषयी रमाबाईंनी वृत्तपत्रातून जाहीर तक्रार केली. तिचे पडसाद ब्रिटिश संसदेपर्यंत उमटले. रुग्ण स्त्रीची प्रतिष्ठा हा उपचाराचाच भाग आहे, ही त्यामागची भूमिका होती.

वाद

सदनातील मुलींवर ख्रिस्ती धर्माचा प्रभाव पाडला जातो, या आक्षेपावरून १८९३ मध्ये मोठा वाद झाला. लोकमान्य टिळकांच्या 'केसरी'ने कठोर टीका केली. न्यायमूर्ती रानडे व डॉ. भांडारकर यांनी सल्लागार मंडळाचे राजीनामे दिले आणि अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. हा वाद केवळ धर्माचा नव्हता. आश्रयासाठी सर्वस्वी दुसऱ्यावर अवलंबून असलेल्या व्यक्तीचे स्वातंत्र्य कितपत उरते, हा प्रश्नही त्यात होता. शुश्रूषेच्या प्रत्येक नात्याला तो आजही लागू पडतो.

अखेर व मूल्यमापन

१९१९ मध्ये सरकारने रमाबाईंना कैसर-ए-हिंद पदक दिले. जुलै १९२१ मध्ये मनोरमाबाईंचे निधन झाले आणि पुढील एप्रिलमध्ये रमाबाई केडगाव येथे निवर्तल्या. मुक्ती मिशनचे कार्य तेथे आजही चालू आहे.

परिचारिका आणि रुग्ण यांचे परस्परनाते हेच उपचाराचे साधन असते, असा सिद्धांत अमेरिकी परिचारिका हिल्डगार्ड पेपलॉ यांनी १९५२ मध्ये ग्रंथरूपाने मांडला; मानसिक आरोग्याच्या शुश्रूषेत तो पायाभूत मानला जातो. रमाबाईंनी असा सिद्धांत लिहिला नाही आणि मुक्ती सदन हे मनोरुग्णालयही नव्हते. तथापि, भेदरलेल्या मुलीजवळ तिच्यासारखेच भोगलेली स्त्री बसवावी, ही केडगावची व्यवस्था त्याच दिशेने जाणारी होती.