दगड उकळवणारा खनिजशास्त्रज्ञ: ॲक्सेल क्रॉनस्टेट

ॲक्सेल फ्रेड्रिक क्रॉनस्टेट यांचा जन्म १७२२ साली स्वीडनमध्ये झाला. खनिजाचा रंग, आकार पाहून त्याचा प्रकार ठरवण्याचा तो काळ. क्रॉनस्टेट मात्र खनिज फुंकनळीच्या ज्योतीत तापवून त्यात कोणते घटक आहेत ते पाहत. १७५१ मध्ये त्यांनी निकेल हा धातू शोधला.

१७५६ मध्ये एक खनिज तापवताना ते उकळल्यासारखे फसफसले. ग्रीक भाषेतील ‘उकळणे’ आणि ‘दगड’ या शब्दांवरून त्यांनी त्याला ‘झिओलाइट’ हे नाव दिले. १७५८ मध्ये खनिजांच्या रासायनिक वर्गीकरणावरचे त्यांचे पुस्तक आले; त्यावर लेखकाचे नावच नव्हते. १७६५ मध्ये, अवघ्या ४२व्या वर्षी ते वारले.

तो दगड फसफसला, कारण झिओलाइटच्या सूक्ष्म छिद्रांत पाणी असते. तापवल्यावर त्याची वाफ होते. छिद्रे रिकामी होतात, सांगाडा मात्र टिकतो. पुढे अशीच छिद्रे कामी आली. १९७०च्या दशकात मोबिल या अमेरिकी कंपनीच्या संशोधकांनी ‘झेडएसएम-५’ हा कृत्रिम झिओलाइट उत्प्रेरक वापरून मिथेनॉलपासून पेट्रोल बनवले. छिद्रांतील आम्लधर्मी जागांवर मिथेनॉलमधला ऑक्सिजन पाण्याच्या रूपाने निघून जातो आणि कार्बनचे अणू जोडले जाऊन हायड्रोकार्बन तयार होतात. छिद्रे जेमतेम अर्ध्या नॅनोमीटरची असल्याने पेट्रोलपेक्षा जड रेणू फारसे तयार होत नाहीत. १९८०च्या दशकात न्यूझीलंडमध्ये या पद्धतीचा मोठा कारखाना चालू झाला.

क्रॉनस्टेट यांना या छिद्रांची कल्पना असणे शक्य नव्हते. त्यांनी फक्त दगडातून पाणी निघताना पाहिले, आणि ते नोंदवून ठेवले.