चारशे एकतीस मते

आयुष्य बँकेत गेले. आकडा दिसला की खूण करायची आणि पुढे सरकायचे, ही सवय हाडात मुरलेली. पण जेम्स कॉनलींच्या चरित्रातला ४३१ हा आकडा मला पुढे जाऊ देईना.

जानेवारी १९०२ मध्ये डब्लिनच्या 'वुड की' वॉर्डात, महापालिकेच्या निवडणुकीत त्यांना पडलेली ही मते. हे तेच कॉनली, ज्यांना १९१६ च्या ईस्टर उठावानंतर, जखमी अवस्थेत, इंग्रजांनी खुर्चीला बांधून गोळ्या घातल्या. हुतात्म्यांची चरित्रे आपण शेवटाकडून वाचतो. मधली पडझड राहूनच जाते.

जन्म १८६८ चा, एडिंबरामधला. आईबाप आयरिश, वडील नगरपालिकेची घाणीची गाडी हाकत. पुढे मुलगाही तेच काम करू लागला. १८९४ मध्ये तिथल्याच निवडणुकीला उभे राहिले, पडले. मग जोडे दुरुस्तीचे दुकान काढले, तेही बुडाले. (कर्जाचे हे प्रकरण माझ्या टेबलावर आले असते तर मी नामंजूरच केले असते!) १८९६ मध्ये बायको-मुलींसह डब्लिनला आले आणि मूठभर माणसांचा समाजवादी पक्ष स्थापला.

१८९८ च्या कायद्याने आयर्लंडमधल्या पुष्कळ कष्टकऱ्यांना स्थानिक निवडणुकीत मत मिळाले होते. त्या बळावर मजूर संघटनेने कॉनलींना उभे केले. वॉर्डातल्या ज्यू कामगारांसाठी यिडिश भाषेतले पत्रकही निघाले. समोर होते पी. जे. मॅकॉल: धंद्याने गुत्तेवाले, वृत्तीने कवी, लोकप्रिय गीतांचे कर्ते. माणूस वाईट नव्हे. मते मात्र त्यांना तिपटीहून अधिक पडली. फुकटची दारू वाहिली, धर्मगुरूंनी मतदारांना धाक घातला, अशी कॉनलींची तक्रार होती.

१९०३ मध्ये ते पुन्हा उभे राहिले. मते २४३!

आमच्या युनियनच्या निवडणुकीत मी एकदा पडलो. पुन्हा अर्ज भरला नाही. बायको म्हणाली, बरे झाले.

त्याच वर्षी कॉनली पोटासाठी अमेरिकेला गेले. १९०४ मध्ये कुटुंब त्यांच्याकडे निघण्याच्या तोंडावर थोरली मोना भाजून गेली. तेरा वर्षांची पोर. १९१० मध्ये ते परतले आणि १९१३ मध्ये बेलफास्टच्या डॉक वॉर्डात, होय, पुन्हा उभे राहिले. या वेळी ९०५ मते पडली. तीही कमीच.