पाहिलेली शाळा आणि काढलेली शाळा

पनवेल हे पूर्वीपासून प्रवासाच्या वाटेवरील गाव होय. एके काळी मुंबईचे उतारू येथील बंदरावर उतरून बोरघाटाकडे वळत. आता तर तालुक्याच्या हद्दीतच विमानतळ झाला असून ८ ऑक्टोबर २०२५ रोजी त्याचे उद्घाटनही झाले. परदेशी जाणारे आमचे व्यापारी बंधू तेथील बाजार पाहतील, पेढ्या पाहतील, कारखानेही पाहतील. परंतु तेथील एखादी शाळा पाहण्याची बुद्धी किती जणांस होईल? परमुलखातील एक शाळा पाहिल्याने स्वदेशात केवढे कार्य उभे राहू शकते, हे महर्षी धोंडो केशव कर्वे यांच्या चरित्रावरून उत्तम कळते. म्हणून ते आज वाचकांपुढे ठेवीत आहो.

अण्णासाहेबांचा जन्म १८ एप्रिल १८५८ रोजी कोकणातील शेरवली येथे झाला व बाळपण मुरुडास गेले. परीक्षेसाठी ते साताऱ्यापर्यंत पायी गेले आणि वयाने लहान दिसतात म्हणून बाहेरच्या बाहेर परत पाठविले गेले. १८८४ मध्ये गणित विषय घेऊन ते बी. ए. झाले, १८९१ पासून फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवू लागले. प्रथम पत्नी निवर्तल्यावर १८९३ मध्ये त्यांनी पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनात शिकलेल्या विधवा गोदूबाई यांच्याशी विवाह केला. त्याबद्दल मुरुडकरांनी त्यांस वाळीत टाकले. त्यांनी कोणाशी भांडण मांडले नाही. १८९६ मध्ये विधवांसाठी आश्रम काढला आणि १९०७ मध्ये महिला विद्यालय.

पुढील हकीकत विशेष ध्यानात घेण्याजोगी आहे. जपानातील जिन्झो नारुसे हे गृहस्थ अमेरिकेत जाऊन तेथील स्त्रीशिक्षणाचा अभ्यास करून आले व १९०१ मध्ये त्यांनी टोकियो येथे महिला विद्यापीठ स्थापिले. त्या संस्थेची माहिती देणारे पुस्तक काशीचे बाबू शिवप्रसाद गुप्त यांनी अण्णासाहेबांकडे धाडले. प्रथम वाचताना हे आपल्या देशात शक्य नाही असे वाटून त्यांनी ते बाजूस ठेविले. परंतु १९१५ मध्ये सामाजिक परिषदेचे अध्यक्षपद आले, तेव्हा तेच पुस्तक पुन्हा हाती घेतले, आणि १९१६ मध्ये अवघ्या पाच विद्यार्थिनींवर भारतवर्षीय महिला विद्यापीठाचा आरंभ झाला. शिक्षणाचे माध्यम मातृभाषा ठेविले. स्त्रियांसाठी निराळा अभ्यासक्रम असावा, हे त्यांचे मत मात्र त्या वेळीही सर्वांस मान्य नव्हते, आणि आजही त्यावर वाद करण्यास जागा आहे.

विद्यापीठास द्रव्य कोठून मिळावे? येथे एक व्यापारी पुढे येतो. मुंबईचे गिरणीमालक सर विठ्ठलदास ठाकरसी पृथ्वीपर्यटनास गेले असता त्यांनी टोकियोचे तेच विद्यापीठ पाहिले. परत आल्यावर त्यांनी १९२० मध्ये आपल्या मातोश्री नाथीबाई यांच्या नावे १५ लक्ष रुपयांची देणगी जाहीर केली. परदेशात शाळा पाहणे हा केवळ पंडितांचा छंद नव्हे, तर धनिकाचेही कर्तव्य आहे, हे त्यांनी कृतीने दाखविले.

स्वतः अण्णासाहेब परदेशी निघाले ते १९२९ मध्ये, वयाची सत्तर वर्षे उलटल्यावर. इंग्लंडात व्याख्याने दिली. जिनिव्हा येथे व डेन्मार्कमधील एल्सिनोर येथे शिक्षणपरिषदांस ते हजर राहिले. पुढे अमेरिका व अखेरीस जपान. ज्या टोकियोच्या विद्यापीठाचे वर्णन कागदावर वाचून त्यांनी आपले विद्यापीठ उभारले, ते त्यांनी या वेळी डोळ्यांनी पाहिले. नारुसे १९१९ मध्येच वारले होते; त्यांची शाळा मात्र चालत होती. एप्रिल १९३० मध्ये अण्णासाहेब परतले आणि डिसेंबरात आफ्रिकेच्या प्रवासास निघाले. केनिया, युगांडा, झांजीबार व दक्षिण आफ्रिका येथवर त्यांनी आपल्या संस्थेची माहिती पोचविली. एवढे जग पाहिलेला हा पुरुष १९३६ मध्ये कोणत्या कामास लागला? जेथे शाळाच नाही अशा खेड्यांत प्राथमिक शाळा काढण्याच्या! १९५८ मध्ये ते भारतरत्न झाले व ९ नोव्हेंबर १९६२ रोजी, १०४ वर्षांचे होऊन, निवर्तले.

पुष्कळ लोक परदेश पाहून येतात आणि आपल्याकडे काहीच नाही असे म्हणून स्वस्थ बसतात. अण्णासाहेबांनी वाचले तेवढ्यावर कामास हात घातला व पाहणे मागाहून केले; ठाकरसींनी पाहिले आणि थैली मोकळी केली. दोघांचे मार्ग निराळे, परंतु कोणाचेही पाहणे फुकट गेले नाही.

पनवेलच्या प्रवाशांकडे आमचे मागणे थोडकेच आहे. परदेशी जाल तेथे आगाऊ परवानगी काढून एक सकाळ एखाद्या साध्या शाळेत घालवावी. इमारत पाहून दिपून न जाता तिचा खर्च कोण सोसतो, गरिबाचे मूल तेथे कसे टिकते, मुली कोणत्या वयापर्यंत शिकतात, हे विचारावे. घरी आल्यावर आपल्या गल्लीतील शाळेत जाऊन तेच प्रश्न पुन्हा विचारावे. उत्तरे ऐकून मान खाली गेली, तर खिशात हात घालावा.