'परमिशन डिनाइड'मागचा माणूस : डेनिस रिची

इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला मी एक मोठा घोळ घातला होता. लिनक्स अपडेट केलं आणि माझा डेटाबेस सुरूच होईना. एरर एकच : कॉन्फिग फाइलला 'परमिशन डिनाइड'. रात्रीचे दोन वाजलेले, सकाळी प्रोजेक्टचा डेमो. मी वैतागून अख्ख्या 'ईटीसी' फोल्डरला सीएचमॉड ७७७ मारलं. म्हणजे सगळ्या फाइल्स सगळ्यांना खुल्या! पुढच्याच मिनिटाला 'सुडो'ने काम करायला नकार दिला, कारण त्याची स्वतःची फाइल आता कुणीही बदलू शकत होतं. शेवटी लिनक्स नव्याने टाकावं लागलं.

तेव्हा मी या परमिशनवाल्याला शिव्या घातल्या. मग त्याच्याबद्दल वाचलं, आणि ओशाळलो.

डेनिस रिची यांचा जन्म ९ सप्टेंबर १९४१ चा, न्यूयॉर्क राज्यातला. वडील बेल लॅब्समध्ये शास्त्रज्ञ. डेनिस हार्वर्डमध्ये फिजिक्स शिकले. पुढे पीएचडीचा प्रबंध लिहून झाला, पण तो रीतसर जमा करायचं राहिलं आणि पदवी काही मिळाली नाही. १९६७ मध्ये तेही बेल लॅब्समध्ये लागले.

१९६९ मध्ये केन थॉम्पसन यांनी पीडीपी-७ या जुन्या मशीनवर युनिक्सची सुरुवात केली, रिची सोबत होते. एकच कॉम्प्युटर अनेक जण वापरणार, मग कुणाची फाइल कुणी वाचायची? म्हणून प्रत्येक फाइलला मालक आणि वाचणे, लिहिणे, चालवणे असे हक्क आले. पण एक पेच उरला. पासवर्डची फाइल रूटची, मग साध्या युजरने स्वतःचा पासवर्ड बदलायचा कसा? रिचींनी 'सेट-युआयडी' बिट शोधला : प्रोग्राम चालेपर्यंत त्याला त्याच्या मालकाचे अधिकार मिळतात, युजरला नाही. १९७९ मध्ये त्याचं पेटंट मिळालं, आणि पुढे ते सगळ्यांसाठी खुलं झालं.

दरम्यान त्यांनी 'सी' भाषा घडवली. १९७३ मध्ये युनिक्स सीमध्ये नव्याने लिहिलं गेलं. १९८३ मध्ये थॉम्पसन यांच्यासोबत ट्युरिंग पुरस्कार मिळाला. ऑक्टोबर २०११ मध्ये न्यू जर्सीतल्या घरी ते मृतावस्थेत सापडले. आठवडाभर आधीच स्टीव्ह जॉब्स गेले होते, जग त्या बातमीत होतं. रिचींची बातमी फार थोड्यांपर्यंत पोचली.

तुमच्या हातातला अँड्रॉइड लिनक्सवरच चालतो. तिथे प्रत्येक ॲपला वेगळा युजर नंबर मिळतो, म्हणून एखादा गेम तुमच्या बँकेच्या ॲपची खासगी फाइल सहज उघडू शकत नाही. मूळ कल्पना तीच, पन्नास वर्षांपूर्वीची.

आता तोच एरर आला तर मी आधी 'एलएस -एल'ने फाइलचा मालक आणि गट बघतो. माझ्या केसमध्ये फाइल रूटची आणि परमिशन ६०० होती, डेटाबेस मात्र स्वतःच्या वेगळ्या युजरने चालत होता. त्याचा गट देऊन ६४० केलं असतं, की झालं. एका फाइलचं काम होतं.

दार उघडत नाही म्हणून भिंत पाडायची नसते. किल्ली कोणाकडे आहे ते आधी बघायचं.