‘ग्लो ऑफ होप’ राजा रविवर्मांचं नाही! मग कुणाचं?
एका हातात दिवा, दुसऱ्या हाताचा आडोसा आणि चेहऱ्यावर उजेड. म्हैसूरच्या जगनमोहन पॅलेसमधलं हे चित्र अनेक जण राजा रविवर्मांचं समजतात. पण रविवर्मा गेले १९०६ मध्ये आणि चित्र आहे १९४५-४६ चं. ते काढलं सावळाराम हळदणकरांनी.

१८८२ मध्ये सावंतवाडीत जन्मलेले हळदणकर मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकले. १९०८ मध्ये त्यांनी स्वतःची कलासंस्था सुरू केली.

हे चित्र जलरंगातलं आहे आणि खरी कसोटी तिथेच आहे. तैलरंगात चूक झाली तर वरून दुसरा थर देता येतो. जलरंगात ती सोय जवळपास नसते. जिथे उजेड हवा, तिथे कागदाचा पांढरेपणा राखावा लागतो. आधी फिके रंग, मग गडद. हळदणकरांनी बोटांमधून पाझरणारा उजेड असाच पकडला. त्यासाठी त्यांची लेक गीता दिवा घेऊन तासन्‌तास उभी राहिली.

हळदणकर १९६८ मध्ये गेले. गीता उपळेकर यांचं कोल्हापुरात २०१८ मध्ये, वयाच्या १०२व्या वर्षी निधन झालं.

आता हे चित्र रविवर्मांच्या नावाने फॉरवर्ड होऊन आलं, तर खाली हळदणकरांचं नाव नक्की लिहा.